मदत हवी आहे: मुलाला मठातल्या फादरांच्या शाळेत घालावं का? (अर्व्हिंग, टेक्सास)

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ कॉपेलला राहतो. मुलगा चौथीत आहे. अर्व्हिंगच्या सिस्टर्शियन प्रेपरेटरी स्कूलचा अर्ज भरावा की नाही, यावर महिनाभर घरात खल चालू आहे. शाळा पाचवी ते बारावी, फक्त मुलग्यांची. बहुतेक प्रवेश पाचवीलाच होतात, त्यामुळे 'पुढे बघू' म्हणून चालत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिस्टर्शियन हा मठात राहणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा पंथ. हंगेरीत झिर्त्स नावाच्या गावी या पंथाचा बाराव्या शतकातला मठ होता. 1950 साली कम्युनिस्ट सरकारने तो बंद पाडला. काही फादर आधीच बाहेर पडले होते, काही तरुण 1956 च्या उठावानंतर सीमा ओलांडून निसटले. टेक्सासला आले, युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसमध्ये शिकवू लागले आणि 1962 मध्ये ही शाळा काढली. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. शाळेच्या आवारातच मठ आहे, त्यामुळे शिकवणारे फादर तिथेच राहतात, तिथेच प्रार्थना करतात.

ओपन हाऊसला गेलो तेव्हा चर्च पाहिलं. 1992 मध्ये बांधलेलं आहे. आराखडा शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याचा. भिंती चुनखडीच्या प्रचंड चिऱ्यांच्या, एकेक चिरा दोन टनांहून जड, पृष्ठभाग खडबडीत ठेवलेला. आमचा मुलगा एरवी क्षणभर एका जागी टिकत नाही. तो दगडावर तळवा टेकवून कितीतरी वेळ उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "आई, आतून गार आहे." माझं मन तिथेच निम्मं तयार झालं.

आता खरी अडचण. इथे प्रत्येक इयत्तेला एक फॉर्म मास्टर असतो आणि तोच पाचवीपासून बारावीपर्यंत त्या मुलांबरोबर राहतो. दहा वर्षांचं पोरगं हातात घ्यायचं आणि अठराव्या वर्षी पदवीदानाला उभं करायचं, तोवर आठ वर्षं तोच माणूस. अभ्यास, मित्रांची भांडणं, घरातली दुखणीखुपणी, सगळं त्याला माहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. पण मुलाचं त्याच्याशी जमलंच नाही तर? आठ वर्षं थोडी नाहीत. शिवाय आमचा मुलगा भाबडा आहे, पटकन कोणाच्या शब्दाखाली येतो. धर्माचं शिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे.

सासूबाई पुण्याहून रोज फोनवर विचारतात, "मे महिन्यात मुंज आहे, मग जानवं काढायला लावतील का रे तिथे?" नवरा स्वतः पुण्यात जेझुइट (हा दुसरा कॅथलिक पंथ) फादरांकडे शिकलेला, त्याला काळजी वाटत नाही. त्याचं एकच शल्य: आठवीत त्याला गणिताची गोडी लावणाऱ्या फादरांची वर्षाच्या मधेच बदली झाली, निरोपही नीट घेता आला नाही.

कोणाची मुलं अशा शाळेत गेली आहेत का? मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी हिंदू मुलं काय करतात? आणि फॉर्म मास्टरबद्दल नेमकं काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद (मूळची वसईची, आता प्लेनो):

ताई, आमची मुलं त्या शाळेत नव्हती, पण मी कॅथलिक घरातली, म्हणून मिस्साचं सांगते. कम्युनियन, म्हणजे मिस्सात देतात ती पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं. तुमचा मुलगा जागेवर बसून राहील, त्यात कोणाला गैर वाटत नाही. त्याला आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर सगळे रांगेत उठले की बिचारा गोंधळून मागे जाईल.

तुमच्या मिस्टरांच्या शल्याबद्दल: जेझुइटांना वरिष्ठ पाठवतील तिथे जावं लागतं. मठवाल्या फादरांचं व्रतच वेगळं. ते एकाच मठात आयुष्यभर राहण्याची शपथ घेतात. म्हणून तर आठ वर्षं एका वर्गाची जबाबदारी घेणं त्यांना जमतं. मात्र फॉर्म मास्टर आजारी पडला किंवा मुलाशी बिनसलं तर पुढे काय होतं, हे स्पष्ट विचारा. बारावीच्या एखाद्या मुलाशीही बोला, आईवडिलांना बाजूला ठेवून.

जानव्याचं लपवू नका. मुलाखतीत तुम्हीच सांगा.

मूळ लेखिका:

खूप आभार. त्या शपथेचं मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही. अर्ज भरतोय. मुलाखतीला जानव्याचा विषय मीच काढते. बारावीतल्या मुलाशी भेट घालून देतील का, हे शाळेला विचारलं आहे. अजून कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा, विशेषतः ज्यांची मुलं पाचवीला गेली आणि रविवारची मराठी शाळाही चालू ठेवली त्यांनी. तेवढं एक अजून सुटलेलं नाही.