इसेन्शियल ऑइलचा विश्वासू आणि परवडणारा पुरवठादार कसा निवडावा?

शिकाऊ_साबणकार

नमस्कार. गेले वर्षभर मी हौसेने थंड पद्धतीचा साबण आणि मालिशचे तेल तयार करते आहे, आणि आता ओळखीच्या काही जणांना ते विकत देण्याइतपत हात बसला आहे. अडचण आहे ती सुगंधी तेलांची. लॅव्हेंडरची पहिली बाटली उघडली तेव्हा तिचा वास हिरवट, सुक्या गवतासारखा आणि मागे किंचित फळाची छटा असलेला होता. मागच्या महिन्यात त्याच पुरवठादाराकडून तेच लेबल असलेली दुसरी बाटली आली. तिचा वास मात्र गोड, सपाट आणि पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकसारखा आहे. साबणात घातल्यावर तर कपडे धुण्याच्या पावडरीचीच आठवण होते. पुरवठादाराला विचारले, तेव्हा "नैसर्गिक तेलाचा वास हंगामागणिक बदलतोच" एवढेच उत्तर मिळाले. ते खरे आहे की पळवाट, हे ठरवण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नाही.

दुसरीकडे शोध घेतला तर गोंधळ वाढला. एकाचे लॅव्हेंडर दुसऱ्याच्या पाचपट महाग आहे, आणि दोन्ही बाटल्यांवर "१०० टक्के शुद्ध" व "थेरप्युटिक ग्रेड" असेच छापलेले आहे. महाग तेच चांगले असे धरून चालणे मला परवडणार नाही, आणि स्वस्त घेऊन कोणाच्या त्वचेवर पुरळ उठले तर तेही नको. मला प्रामुख्याने लॅव्हेंडर, टी ट्री, संत्रे आणि गवती चहा ही तेले लागतात. एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर थोडे गुलाबाचेही हवे आहे. पुरवठादाराची पारख नेमकी कशावरून करावी, आणि कागदावर थेंब टाकणे, बाटली फ्रीझरमध्ये ठेवणे, पाण्यात थेंब सोडून पाहणे या घरगुती चाचण्यांना काही अर्थ आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुनी_अत्तरदाणी

तुमच्या पुरवठादाराचे उत्तर अर्धे खरे आहे. पाऊस, उंची, तोडणीची वेळ यांनुसार तेल बदलते, यात शंका नाही. पण ते आपल्या जातीच्या मर्यादेत बदलते, गवताच्या वासाचे एकदम धुण्याची पावडर होत नाही. शिवाय खरोखर हंगाम बदलला असेल, तर दोन्ही बाटल्यांवरचे बॅच क्रमांक वेगळे असायला हवेत आणि प्रत्येक बॅचचा तपासणी अहवालही वेगळा असायला हवा. म्हणून वासाबद्दल वाद घालत न बसता "या बाटलीची बॅच कोणती, आणि त्या बॅचचा अहवाल मिळेल का" एवढेच विचारावे. या एका प्रश्नाला समोरचा काय उत्तर देतो, यावर मी निम्मा निर्णय घेते.

"थेरप्युटिक ग्रेड" या शब्दांकडे दुर्लक्ष करावे. अशी श्रेणी ठरवणारी आणि देणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही. ते विक्रेत्यांनी स्वतःच्या मालाला स्वतःच दिलेले प्रशस्तिपत्र आहे. लेबलावर त्याऐवजी वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग वापरला, तेल ऊर्ध्वपातनाने काढले की सालीतून दाबून, कोणत्या देशातले आणि केव्हाचे, हे शोधावे. नुसते "दालचिनी तेल" लिहिणाऱ्याकडून मी काही घेत नाही, कारण सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य असते आणि पानाच्या तेलात युजेनॉल; दोन्ही वेगळी तेले आहेत आणि त्यांच्या दरांतही मोठी तफावत असते.

दरपत्रक आडवे नव्हे, उभे वाचावे, असे मी नेहमी सांगते. म्हणजे एकाच तेलाचे दहा विक्रेत्यांकडचे दर पाहण्याआधी एकाच विक्रेत्याकडची सगळी तेले पाहावीत. संत्र्याचे तेल रसाच्या उद्योगातून सालीबरोबर जवळजवळ आपोआप निघते, म्हणून ते स्वस्त. गुलाबाचे एक किलो तेल निघायला साधारण ३ ते ५ टन फुले लागतात, म्हणून ते सोन्याच्या भाषेत बोलते. ज्याच्याकडे संत्रे, लॅव्हेंडर, गुलाब, चंदन सगळे एकाच भावाने मिळते, त्याच्याकडे ही चारही तेले एकाच पिंपातल्या वेगवेगळ्या वासांची असण्याची शक्यता मोठी. स्ट्रॉबेरीचे किंवा कमळाचे "इसेन्शियल ऑइल" यादीत स्वस्तात दिसले, तर यादी तिथेच मिटावी. गुलाबासाठी तुम्ही जोजोबात (बियांपासून काढलेल्या वाहक तेलात) पातळ केलेले, आणि प्रमाण लेबलावर स्पष्ट लिहिलेले, तेल घ्यावे. सांगून केलेले पातळीकरण ही भेसळ नव्हे, आणि मालिशच्या तेलाला ते सहज पुरते.

आता माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एकाकडून जिरेनियमचा लहान नमुना मागवला. तो उत्तम होता, म्हणून लगेच लिटरभर मागवले. आलेल्या डब्याला आधी गुलाबासारखा वास होता, पण तासाभराने कागदावर जे उरले ते सरळसरळ रोशा गवत होते. रोशाचे तेल स्वस्त असते आणि जिरेनिऑलमुळे त्याचा वास गुलाबाच्या अंगाने जातो, त्यामुळे ही भेसळ जुनी आणि लोकप्रिय आहे. नमुना संपवून टाकला असल्यामुळे तुलना करायलाही हातात काही नव्हते. तेव्हापासून प्रत्येक बॅचचे पाच मिलीलिटर तेल गडद काचेच्या बाटलीत, तारीख घालून, बाजूला ठेवते. नवीन बॅच आली की जाड टिपकागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापायच्या, त्यांवर पेन्सिलीने जुने-नवे लिहायचे (शाईला स्वतःचा वास असतो), दोन्हींवर एकेक थेंब टाकायचा आणि लगेच, अर्ध्या तासाने, चार तासांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून पाहायचे. पहिल्या मिनिटाला सगळीच तेले गोजिरी वाटतात. खरे-खोटे उतरणीला कळते. तुम्ही पहिल्या बाटलीचे थोडे तेल राखले असेल, तर हेच आधी करून पाहा.

प्रयोगवही

मी काही वर्षे सुगंधी द्रव्यांच्या तपासणीचे काम केले आहे, म्हणून अहवालाबद्दल थोडी भर घालतो आणि एका बाबतीत वरच्या प्रतिसादाला मर्यादाही घालतो. अहवाल मिळाला म्हणजे काम झाले, असे समजू नये.

हा अहवाल बहुधा जीसी-एमएस, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तपासणीचा असतो. तीत तेलाची वाफ करून ती केसासारख्या बारीक, लांब नळीतून पाठवतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचे शिखर उमटते. टक्केवारी काढली जाते ती जे बाहेर पडले त्याची. वनस्पतितेल या तापमानाला उडतच नाही, त्यामुळे ते मोजणीतच येत नाही. अर्धे लॅव्हेंडर आणि अर्धे साधे खाद्यतेल असलेल्या बाटलीचाही अहवाल निर्दोष दिसू शकतो. गंमत अशी की यंत्राला न दिसणारी नेमकी हीच भेसळ कागदावरच्या थेंबाला दिसते. लॅव्हेंडर, संत्रे, टी ट्री यांसारख्या हलक्या तेलांचा थेंब दिवसभराने कागदावर तेलकट, पारदर्शक डाग सोडत असेल, तर त्यात जड तेल मिसळले असण्याचा संशय घ्यावा. अर्थात तेल फार जुने होऊन चिकट झाले असेल, तरीही थोडा डाग राहतो. वाळा, पॅचुली आणि चंदन मात्र शुद्ध असूनही डाग सोडतात, म्हणून त्यांना हा नियम लावू नये. पाण्यातल्या चाचणीतून काहीच कळत नाही: बहुतेक तेले तरंगतात, लवंग बुडते, आणि भेसळीचे लॅव्हेंडरही मजेत तरंगते. फ्रीझर फक्त गुलाबासारख्या तेलाच्या बाबतीत काही सांगतो. त्यातल्या मेणासारख्या घटकांमुळे ते सुमारे २० अंशांखालीच गोठू लागते. पण तेही नक्कल करता येते.

डायइथाइल थॅलेट हे दुसरे नेहमीचे पातळ करणारे द्रव्य जवळजवळ बिनवासाचे असते. ते जीसी-एमएसमध्ये दिसते, मात्र अहवाल बनवणाऱ्याने ते यादीतून गाळलेले नसावे. यासाठी घनता उपयोगी पडते. शुद्ध लॅव्हेंडरचे १०० मिलीलिटर साधारण ८८ ते ८९ ग्रॅम भरते. त्यात दहा टक्के थॅलेट घातले, तर वजन दोन ग्रॅमांहून अधिक वाढते. अचूक मापाचे काचपात्र आणि बऱ्यापैकी काटा असेल, तर हा फरक घरीही पकडता येतो. दहा मिलीलिटरच्या बाटलीवर मात्र हा प्रयोग करू नये, चूक फरकाहून मोठी होते.

लॅव्हेंडरच्या अहवालात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे दोन मुख्य घटक प्रत्येकी साधारण २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असावेत आणि कापूर फार थोडा, सहसा एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. टी ट्रीसाठी आयएसओ ४७३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक किमान ३५ टक्के धरले आहे. पण आकडे मर्यादेत बसवणे भेसळ करणाऱ्यालाही येते. लॅव्हेंडरमध्ये कृत्रिम लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ओतले, तर टक्केवारी अधिकच देखणी होते, आणि तुमच्या दुसऱ्या बाटलीच्या गोड, सपाट वासाचे वर्णन वाचून मला प्रथम हेच आठवले. निसर्गातले लॅव्हेंडरचे लिनॅलूल जवळजवळ सगळे एकाच हाताचे असते, तर कारखान्यातल्या साध्या लिनॅलूलमध्ये डावे आणि उजवे रेणू निम्मे-निम्मे असतात. हा भेद कायरल तपासणीत कळतो; साध्या जीसी-एमएसमध्ये नाही. अशी तपासणी करून घेणारा पुरवठादार लहान ग्राहकाला नेहमी मिळेल असे नाही, पण "कायरल तपासणी करता का" हा प्रश्न ज्याला समजतो, त्याला आपला माल समजतो.

अहवालात बॅच क्रमांक नसेल, तारीख नसेल, किंवा दोन वेगळ्या बॅचचे आकडे दशांशापर्यंत तंतोतंत जुळत असतील, तर तो अहवाल जाहिरातीचा भाग समजावा.

मितव्ययी

एक व्यवहारी सूचना. साबणासाठी तुम्हाला खरे लॅव्हेंडर हवेच कशाला? थंड पद्धतीच्या साबणातल्या अल्कलीत लिनॅलिल ॲसिटेटचे विघटन होते, म्हणजे ज्या नाजूक छटेसाठी जास्त पैसे मोजले, तीच आधी जाते. साबणाला लॅव्हँडिन घ्या. ते संकरित झाडाचे असते, त्यातून तेल जास्त निघते आणि ते बरेच स्वस्त पडते. खरे लॅव्हेंडर मालिशच्या तेलासाठी राखा, तिथे एक टक्क्याने तीस मिलीलिटरला साधारण सहा थेंबच लागतात. संत्र्याचा वासही साबणात टिकत नाही. गवती चहाच्या जोडीला घातला तर थोडा तगतो.

आणि दर पाहताना किलो व लिटर यांची गल्लत करू नका. घाऊक विक्रेते वजनावर विकतात आणि एक किलो लॅव्हेंडर म्हणजे सव्वा-अकराशे मिलीलिटर. संत्रे आणि टी ट्री घाऊक मिळाले तरी वर्षभरात संपेल एवढेच घ्या, कारण हवेने बिघडलेली ही तेलेच त्वचेला त्रास देतात, मग ती मुळात कितीही शुद्ध असोत. पॅचुलीचा मोठा साठा चालतो. ती जुनी झालेली बरी.

शिकाऊ_साबणकार

सर्वांचे आभार. पहिल्या बाटलीच्या तळाशी चमचाभर तेल उरले होते. दोन्ही पट्ट्या काल दुपारी टेबलावर ठेवल्या. आज सकाळी जुन्या पट्टीवर वाळलेल्या गवताचा मंद वास होता. नवीवर मात्र दुपारी होता तोच गोडवा, फक्त फिका. डाग दोन्हींवर नाही.

दरम्यान तीन नव्या पुरवठादारांना लिहिले. पहिल्याने रंगीत पुस्तिका पाठवली. अहवालात बॅच क्रमांकच नाही. दुसऱ्याने "लॅव्हेंडर" म्हणून जो अहवाल दिला, त्यात क्रमांक आणि तारीख आहे, लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट दोन्ही तीसच्या आसपास आहेत, पण कापूर ७ टक्के आणि सिनिओल ५ टक्के दिसतो. तिसऱ्याने कळवले की लॅव्हेंडरची चालू बॅच दोन वर्षांपूर्वीची आहे, चालणार असेल तर कमी दरात देईन, आणि संत्र्याचा साठा जुना झाल्यामुळे तो सध्या विकत नाही. कायरल तपासणी आपण करत नाही, पण नमुना राखून ठेवतो, असेही त्याने लिहिले. दुसऱ्याचा कापूर जास्त का, आणि तिसऱ्याचे जुने तेल घ्यावे का?

प्रयोगवही

दुसऱ्याचे तेल लॅव्हँडिन आहे. एवढा कापूर खऱ्या लॅव्हेंडरमध्ये नसतो, आणि लिनॅलिल ॲसिटेट इतके असल्यामुळे ते स्पाइक लॅव्हेंडरही (लॅव्हेंडरची कापूर जास्त असलेली वेगळी जात) नव्हे. अहवाल खरा आणि लेबल चुकीचे, अशी ही दुर्मिळ जोडी आहे. दर लॅव्हँडिनचा असेल, तर त्याला शास्त्रीय नाव दुरुस्त करायला सांगा. त्याने केले, तर साबणासाठी तेच घ्या. लॅव्हेंडरचा दर लावत असेल, तर नको.

तिसऱ्याकडून दहा मिलीलिटर मागवा आणि सोबत पेरॉक्साइड मूल्य (हवेने तेल किती बिघडले ते दाखवणारा आकडा) विचारा. नीट बंद, गार आणि अंधारात ठेवलेले दोन वर्षांचे लॅव्हेंडर बहुधा ठीक असते, पण मालिशसाठी वापरायचे म्हणून आकडा हातात असलेला बरा. २० मिलिमोल प्रति लिटरच्या खाली आला, तर घ्यायला हरकत नाही. आणि तुमच्या पहिल्या बाटलीतले उरलेले तेल आता वापरू नका. पुढच्या प्रत्येक पट्टीच्या शेजारी ते लागेल.