मदत हवी आहे: सत्राबद्दलच्या फॉर्मवर सगळेच ३९-४० गुण देतात

समुपदेशन केंद्र छोटं आहे: दोन समुपदेशक, रिसेप्शनला एक ताई, सगळं कागदावर. पीएचक्यू-९ (नैराश्य किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) दर दुसऱ्या आठवड्याला सत्राआधी भरून घेतो, कारण त्यातले प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. ते नीट चाललंय. ५ गुणांचा फरक दिसला की आलेख क्लायंटसमोर ठेवून बोलतो. नवव्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याहून जास्त आलं तर त्याच सत्रात सविस्तर विचारतो.

अडलंय ते एसआरएसपाशी, म्हणजे सत्र कसं वाटलं हे क्लायंटने सांगायच्या फॉर्मपाशी. १० सेंमीच्या चार रेघा, प्रत्येकीवर क्लायंटने खूण करायची, जितकी उजवीकडे तितकं चांगलं, एकूण ४० गुण. ३६ किंवा त्याखाली आलं तर बोलायचं. पण खाली येतच नाही. खूण थेट उजव्या टोकाला, कधी रेघेच्याही बाहेर, वर "मॅडम, तुम्ही छानच सांगता". त्यातलेच काही तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर येणं बंद करतात, म्हणून हे मनाला फार लागतं.

ताईंकडे भरायला दिलं, फरक नाही. निनावी पेटी ठेवली, पण कोणाचं काय बिनसलं हे कळत नसेल तर पुढचं सत्र बदलणार कसं? "काय कमी पडलं?" विचारलं की "काही नाही".

टॅब किंवा सशुल्क सॉफ्टवेअर शक्य नाही. सत्र ४५ मिनिटांचं, त्यात फॉर्मला फार तर ५ मिनिटं.

मोठ्यांना नावं ठेवू नयेत असं मानणाऱ्या क्लायंटला तुम्ही नेमकं कोणत्या मराठी वाक्यात विचारता? आणि वाचता न येणाऱ्यांसाठी, आपण उत्तर न सुचवता, रेघेऐवजी काय वापरता?