आशियाई नृत्य आणि सिनेमावरची नवी अभ्यासाची पुस्तकं: कोणती घेऊ?

घुंगरू_टिळकवाडी: नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत माझा भरतनाट्यमचा क्लास आहे. मोठ्या मुलींना आता नुसते अडवू, म्हणजे नाचाच्या मूळ पायऱ्या, पुरत नाहीत. 'सिनेमातला नाच खरा नव्हे असं का म्हणतात, टीचर?' असलं विचारायलेत. नृत्य-सिनेमावर अलीकडं जे संशोधन झालंय, त्यातली एक-दोन पुस्तकं हवीत. भारताबाहेरचं एखादं असलं तर उत्तम. इंग्रजी चालेल. बजेट २५००, वर एक पैसा नाही. आणि पीडीएफ सुचवू नका, स्क्रीनवर मला वाचवत नाही.

खानापूरकर_काका: उषा अय्यर यांचं 'डान्सिंग विमेन', ऑक्सफर्ड, २०२०. डोळे झाकून घ्या. अझूरी, साधना बोस यांच्यापासून वैजयंतीमाला, वहिदा, हेलन, माधुरीपर्यंत हिंदी सिनेमातला नाच. पडद्यावर एक बाई दिसते, पण त्या नाचात गाणारी, वाजवणारे, नाच बसवणारे सगळे असतात, हा मुद्दा तिनं छान धरलाय. माझ्याकडं हार्डबाऊंड आहे, मुलानं अमेरिकेतनं येताना आणली.

घुंगरू_टिळकवाडी: काका, किंमत?

खानापूरकर_काका: पुस्तकाची किंमत काय बघायची!

निपाणीचा_तिखट: ताई, बघायची की, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही सीमाभागातल्या, आणि तमाशावरचं सोडून हेलन कशाला? शैलजा पैक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट', स्टॅनफर्ड, २०२२. तमाशातल्या दलित कलावंत बायकांचा इतिहास. नाच बघायला सगळे पुढं आणि नाचणारीला नावं ठेवायलाही तेच पुढं, यातली जात तिनं सोलून काढलीय. लेखिकेला २०२४ ला अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

जत्रेतला_जुना: तमाशा काय ते आमच्या तरुणपणी. सिनेमातली लावणी म्हणजे स्टुडिओतला चकचकाट.

निपाणीचा_तिखट: सिनेमानं लावणी घरोघरी नेली, हे विसरू नका काका. लावणीच्या संगीतबारीला आपल्यातले किती जण गेलेत?

जत्रेतला_जुना: मी गेलोय. तुमचा जन्म नव्हता.

गोकाक_फॉल्स: लावणी-लावणी काय लावलंय? आमच्या भागातलं श्रीकृष्ण पारिजात कुणाला आठवतं का? कुलगोडला जन्मलेला खेळ, कौजलगी निंगम्मांनी गाजवला. त्यावर पुस्तक सांगा कोणीतरी.

कडोलीची_वाचक: दादा, तुमचा वेगळा धागा काढा. घुंगरूताई, तुम्ही भरतनाट्यमवाल्या, म्हणून हरी कृष्णन यांचं 'सेल्युलॉइड क्लासिसिझम' बघा. वेस्लियन, २०१९. सुरुवातीचा तमिळ सिनेमा आणि आजचं भरतनाट्यम एकमेकांना घडवत आले, असं ते मांडतात. तुमच्या मुलींच्या प्रश्नाला थेट हेच उत्तर. त्याच्या जोडीला दवेश सोनेजी यांचं 'अनफिनिश्ड जेस्चर्स', २०१२ चं, दक्षिणेतल्या देवदासी नर्तकींवर. जुन्या बायकांच्या घरी बसून त्यांच्या आठवणी आणि नाच टिपलाय. इतकं वाचनीय संशोधन क्वचित.

खानापूरकर_काका: २०१२ म्हणजे नवं? उषा अय्यरच घ्या.

सौंदत्ती_रोड: देवदासींचा विषय निघालाच आहे तर ल्युसिंडा रॅम्बर्ग यांचं 'गिव्हन टू द गॉडेस' घ्या. ड्यूक, २०१४. यल्लम्मा आणि जोगतिणी, म्हणजे आपलाच उत्तर कर्नाटक. डोंगरावर आपण सगळे जातो, पण देवीची परडी नि चौंडकं घेऊन येणाऱ्या बायकांकडं बघतो का? १९८२ च्या कर्नाटकाच्या कायद्यानं बंदी आली, ती त्या बायकांच्या वाट्याला कशी आली, तेही त्यात आहे.

निपाणीचा_तिखट: त्यात सिनेमा कुठाय?

सौंदत्ती_रोड: सगळ्यात सिनेमा कशाला पायजे?

कॅम्पातला_कंजूष: मी एकच सांगतो. अशी पुस्तकं ऑनलाइन घेताना मागणीनुसार छापलेली प्रत आहे का ते आधी विचारा. मी एका विक्रेत्याकडून नृत्यावरचं घेतलं, आतले फोटो काळे ठिक्कर. कुठली मुद्रा नि कुठला हात, कळायला मार्ग नाही. वर परत घेणार नाही म्हणे. आणि एमिली विल्कॉक्स यांचं 'रेव्होल्यूशनरी बॉडीज' फुकट आहे की! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रेसनं खुलं ठेवलंय, चोरीचं नव्हे. १९४९ नंतरच्या चीनमध्ये लोकनृत्यातून 'चिनी नृत्य' कसं उभं केलं त्याचा इतिहास. त्रिनिदादमध्ये जन्मलेली दाई आइलियन आणि कोरियाची चोए सुंग-ही या दोघी नर्तकींमुळं तर मी रात्री जागून वाचलं.

घुंगरू_टिळकवाडी: पीडीएफ नको म्हटलं होतं ना?

कॅम्पातला_कंजूष: फुकट आहे म्हटलं ना?

जत्रेतला_जुना: उषा अय्यर घ्या, हेलनवर आहे म्हणे.

खानापूरकर_काका: हे मी वर सांगितलंय.

घुंगरू_टिळकवाडी: सगळ्यांचे आभार. तर झालं असं: विल्कॉक्सची पीडीएफ कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडं नेली, दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल करून घेतली. फोटो स्वच्छ आलेत, दाई आइलियनचं नाव मुलींना तोंडपाठ व्हायलंय. उरलेल्या पैशांत सोनेजींचं जुनं पुस्तक सेकंडहँड मिळालं, आधीच्या मालकानं समासात पेन्सिलीनं भांडण केलंय, तेही वाचायला मजा येतेय. तमाशावरचं नंतर बघू.

खानापूरकर_काका: म्हणजे एक फुकटचं आणि एक जुनं. नवीन पुस्तकं विचारली होती तुम्ही!

कॅम्पातला_कंजूष: स्पायरलला किती घेतले?