अलास्का क्रूझ : आम्हा दोघांना कोणती लाइन (क्रूझ कंपनी) बरी पडेल? (बजेट ३००० डॉलर, दोघांचं मिळून)

ब्रेकव्हॅन
नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम सिएटलजवळ मुलीकडे. बाळंतपणासाठी आलो होतो, नात झाली, आता जावयाची आई येतेय म्हणजे आमची ड्यूटी बदलली. लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून मुलीचं चाललंय की ऑगस्टअखेर तुम्ही दोघं अलास्का करून या. मी मध्य रेल्वेत गार्ड होतो (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आम्ही गार्ड म्हणूनच रिटायर झालो). हिला गाडी लागते, कसारा घाट आला की पिशवी हातात घेऊनच बसते. ती शाकाहारी, मी सोयीनुसार. कसिनो, नाचगाणी, पाण्यातल्या घसरगुंड्या काही नको. बर्फ बघायचा, देवमासा दिसला तर उत्तम, आणि मला स्कॅगवेची ती छोट्या गेजची रेल्वे करायचीच आहे, तिच्यासाठीच मी हो म्हटलंय. बजेट दोघांचं मिळून ३००० डॉलर, त्यावर मुलीकडून घ्यायचे नाहीत. कुठली लाइन घ्यावी? आमचे व्हिसे बी-२ (अमेरिकेचे पर्यटक व्हिसे) आहेत.

सानिकाची_मम्मी
काका अभिनंदन नातीबद्दल!! आम्ही गेल्या वर्षी सेलिब्रिटीने केलं सिएटलहून, डोळे झाकून घ्या. बाल्कनीत बसून कॉफी पिता पिता डॉस ग्लेशियर (हिमनदी) बघितला, बर्फाच्या लाद्यांवर सील लोळत होते. आम्हाला दोघांना साडेसहा हजार पडले पण पैसे वसूल. बाल्कनी घ्याच, बाल्कनीशिवाय अलास्का म्हणजे मिठाशिवाय वरण.

रेडमंडकर
बजेट ३००० आहे हो ताई.
काका, लाइन निवडायच्या आधी ग्लेशियर बे हवा की नको ते ठरवा. ते नॅशनल पार्क आहे आणि तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. त्यातली बरीचशी परमिटं प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियनकडे आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटीवाले बहुतेक हबर्ड ग्लेशियर नाहीतर एन्डिकॉट आर्मची खाडी दाखवतात, ते वाईट नाही पण ग्लेशियर बे ते ग्लेशियर बे. पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती देतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता, पुढच्या शंभरेक वर्षांत तो कित्येक मैल मागे सरकला. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट उभी करून हळूहळू गोल फिरवतात, त्यामुळे बाल्कनी नसली तरी चालतं, डेकवर जाऊन उभं राहायचं. आतली खोली घ्या, निम्म्यात काम होतं. आमचं प्रिन्सेसचं झालं, हातात ते मेडॅलियन (बिल्ला) घालायचं, दार आपोआप उघडतं, मस्त.

आंबोळी
+१ प्रिन्सेस. आतली खोली नको पण, सकाळ झाली की नाही तेच कळत नाही. माझे मिस्टर दुपारी अडीचला उठून ब्रश करायला लागले.

गोट्या_२.०
सिएटल ते सिएटल घ्या म्हणजे कॅनडा व्हिसाची कटकट नाही. व्हँकुव्हरहून निघाल तर लागेल.

पिअर_९१_पीडित
गोट्या, कृपया असं ठोकून देऊ नकोस, याच सल्ल्यापायी माझे आईबाबा दोन बॅगा घेऊन धक्क्यावरून परत आलेत. सिएटलहून निघणाऱ्या मोठ्या बोटीसुद्धा परत येताना बहुतेक कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. हौसेने नाही, कायदा आहे १८८६ सालचा. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन मध्ये परदेशात न टेकता परत अमेरिकेत उतरवता येत नाहीत. आणि या सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी बहामा, बर्म्युडा, पनामा असल्या झेंड्याच्या. व्हिक्टोरियाला तुम्ही बोटीवरून उतरा नाहीतर खोलीत झोपा, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, बी-२ आणि एच-१बी वाल्यांना लागतो. आमचं बुकिंग घेताना कोणी विचारलं नाही, तिकीट काढून दिलं, धक्क्यावर मुलगी म्हणाली व्हिसा दाखवा. पैसे एक पैसाही परत नाही. लाइनचं नाव घेत नाही, चूक तिकीट नीट न वाचणाऱ्याची, म्हणजे माझीच. आई अजून म्हणते, बोट तरी बघितली.

ब्रेकव्हॅन
अरे बापरे. व्हिसा तर नाही आमच्याकडे. आता अर्ज केला तर?

रेडमंडकर
करता येईल पण बायोमेट्रिक, मग पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवायचा. ऑगस्टअखेरपर्यंत होईल का सांगता येत नाही.

गोट्या_२.०
२०२१ ला माझा मित्र गेला होता, नाही लागला व्हिसा.

पिअर_९१_पीडित
२०२१ ला करोनात कॅनडाने बंदरं बंद ठेवली होती म्हणून अमेरिकेने तेवढ्यापुरती सूट दिली होती!! तुझा मित्र नशीबवान, तू नाहीस.

फ्योर्डवेडा
मी म्हणतो अलास्काच कशाला? नॉर्वे करा. बर्गेन ते किर्कनेस आणि परत, १२ दिवस, ३४ बंदरं. १८९३ ला टपालाची बोट म्हणून सुरू झाली, खरा प्रवास तो. ही अमेरिकन क्रूझ म्हणजे तरंगता मॉल.

आंबोळी
त्याला शेंगेन व्हिसा लागतो ना पण? आणि काका सिएटलला आहेत.

फ्योर्डवेडा
मी फक्त पर्याय सांगितला.

खलाशी_निवृत्त
२८ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली म्हणून बोलतो. गाडी लागणं आणि बोट लागणं एक नव्हे. गाडीत कधीच न ओकणारे दर्यावर आडवे झालेले पाहिलेत आणि उलटही. वहिनींना बोटीचा काही अनुभव? सिएटलहून निघणाऱ्या क्रूझ बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तिथे पॅसिफिकच्या मोठ्या लाटा लागतात. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या आतल्या बाजूने, बेटांच्या आडोशाने. पोट नाजूक असेल तर खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, वर आणि टोकाला झोके जास्त. अ‍ॅव्होमिन डॉक्टरला विचारून, निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. कोरडं खाऊन राहायचं, क्षितिजाकडे बघायचं, मोबाइल नाही.

सानिकाची_मम्मी
आम्हाला अजिबात काही जाणवलं नाही, एवढी मोठी बोट आहे कळतसुद्धा नाही की चाललीय.

तिखटमीठ
जेवणाचं कोणी बोलतच नाहीये. पहिल्याच रात्री डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला सांगून ठेवायचं की इंडियन व्हेज, दुसऱ्या दिवसापासून करून देतात, आम्हाला रोज वेगळी भाजी आणि डाळ. कांदा-लसूण नको तर तसंही. पण किटली नेऊ नका, आमची काढून घेतली आणि शेवटच्या दिवशी पावती दाखवून परत आणली, रांगेत सगळे किटलीवाले देशीच. शिवाय टिप्स धरा, माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलर, ते तिकिटात दिसत नाहीत.

गोट्या_२.०
टिप्स काढून टाकता येतात काउंटरवर जाऊन, आम्ही काढल्या.

आंबोळी
काय हे. खोली आवरणारी माणसं त्या पैशांवर घर चालवतात.

गोट्या_२.०
मग कंपनीने पगार द्यावा ना. मी का?

तिखटमीठ
यावर वेगळा धागा काढा, इथे किटलीचं चाललंय.

जुनोत_दोन_वर्षं
जुनोला कामानिमित्त होते. तीन-चार गोष्टी. कॅनडात न टेकणाऱ्या अमेरिकी झेंड्याच्या लहान बोटी आहेत, अनक्रूझसारख्या, जुनोहून निघतात, साठ-ऐंशी माणसं, जंगलात कयाकने उतरवतात. सुंदर, पण तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट.
दुसरं, अलास्का मरीन हायवेची सरकारी फेरी. बेलिंगहॅमहून सुटते, सिएटलपासून उत्तरेला दीड-दोन तासांवर, केचिकानपर्यंत दीड दिवसाहून थोडं जास्त, मग रँगल, पीटर्सबर्ग, जुनो, हेन्स, स्कॅगवे. कॅनडाच्या पाण्यातून जाते पण कॅनडात कुठे थांबत नाही, त्यामुळे तो व्हिसा नको. येताना जुनोहून विमान, अडीच तासांत सिएटल. जुनोला रस्ता जातच नाही, बोट नाहीतर विमान. ग्लेशियर बे हवाच असेल तर जुनोहून गस्टेव्हसला छोटं विमान, आणि तिथून दिवसभराची बोट.
ऑगस्टात जुनोत मेंडेनहॉल ग्लेशियरपाशी साठलेलं पाणी फुटून पूर येतो, २०२३, २४, २५ तिन्ही वर्षं आला, तेव्हा हॉटेल घेताना बघून घ्या. आणि पाऊस धरूनच चाला, केचिकानला तर चेरापुंजीची धाकटी बहीण समजा. छत्री उपयोगाची नाही, टोपीवालं जर्किन घ्या.

सानिकाची_मम्मी
फेरी??? लग्नाच्या ३५व्या वाढदिवसाला काकूंना फेरीने नेणार? ती एसटी आहे हो समुद्रातली.

रेडमंडकर
लाल परी 😄 नाही काका, फेरीवर शो नाही, रूम सर्व्हिस नाही, कॅफेटेरियात ट्रे घेऊन उभं राहायचं. लोक डेकवर तंबू ठोकून झोपतात, ठोकून म्हणजे चिकटपट्टीने चिकटवून. व्हिसाचा अर्ज टाका आणि पुढच्या मे महिन्यात प्रिन्सेस करा, मे कोरडा असतो.

खलाशी_निवृत्त
फेरीला पण क्वीन शार्लट साउंड आणि डिक्सन एन्ट्रन्सला काही तास उघडा समुद्र लागतो, तेवढं लक्षात ठेवा. बाकी सगळा आडोसा. मोठ्या क्रूझ ज्या रँगल नॅरोजच्या चिंचोळ्या वाटेतून जाऊच शकत नाहीत तिथून ही जाते, बावीस मैल, दोन्हीकडची झाडं हाताशी. मी असतो तर तेवढ्यासाठी गेलो असतो.

फ्योर्डवेडा
म्हणजे हीसुद्धा जवळपास टपालाचीच बोट झाली. मी हेच म्हणत होतो.

ब्रेकव्हॅन
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा झाली. मुलगी म्हणाली फेरी बिलकुल नाही, जावई म्हणाले व्हिसा टाकू. पण हिने खलाशीसाहेबांचा प्रश्न वाचला, बोटीचा अनुभव काय, आणि हसायलाच लागली. ही देवगडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायची, डेकचं तिकीट, वळकटी टाकायची आणि पत्र्याच्या ट्रंकेला पाय लावून झोपायचं, देवगडला बोट लांब उभी राहायची मग पडावात उतरायचं, बायकांना हात धरून अक्षरशः टाकायचे. बोट कधी लागली नाही म्हणते, लागते ती फक्त यष्टी. हे मला ३५ वर्षांत माहीत नव्हतं!
तर फेरी. तंबू नाही, दोन बर्थची केबिन घेतली, आमची वयं बघता. बेलिंगहॅम ते स्कॅगवे सरळ, तिथे दोन रात्री, मग जुनो, मग विमान. आणि छोट्या रेल्वेचंही बघितलं, समिटपर्यंत जाऊन परत येणारी गाडी घेतली तर पासपोर्टचं काम नाही, सीमेवरून फिरते. पुढे कॅनडातल्या कारक्रॉसला जाणारी घ्यायची नाही.

गोट्या_२.०
काका चूक करताय.

सानिकाची_मम्मी
निदान फोटो टाका. आणि सेलिब्रिटीचे सप्टेंबरचे दर खाली आलेत, बघून घ्या एकदा.

ब्रेकव्हॅन
(सप्टेंबर) परवा परत आलो. फोटो मुलगी टाकेल, मला जमत नाही.
खर्च तीन हजारांवर दीडशे गेला, त्यात रेल्वे आली. मेथीचे ठेपले आणि मेतकूट बरोबर, कॅफेटेरियात गरम पाणी मिळत होतं, त्यामुळे हिचं अडलं नाही. मी मासे खाल्ले. उघड्या समुद्रात बोट बरीच हलली, मी बाकावर डोळे मिटून पडलो होतो, ही समोर स्वेटर विणत बसली होती नातीचा.
रँगल नॅरोज रात्री अकराच्या सुमारास लागलं. बोट एकदम हळू, आणि पाण्यात पुढे लाल दिवा, हिरवा दिवा, परत लाल, एका वळणावर एका वेळी सात-आठ दिसायचे. कल्याण यार्डात रात्री गाडी घेताना असंच दिसायचं. मी डेकवर टोपी घालून शेवटपर्यंत उभा होतो, कुणीतरी झेंडी दाखवायला ठेवल्यासारखा.
आणि ती रेल्वे. १८९८ ला सोन्याच्या नादात सुरू केली आणि १९०० मध्ये पुरी केली, तीन फुटी गेज, आपली नेरळ-माथेरान दोन फुटी. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते, चढ २६ला १. बोरघाटात ३७ला १ आहे तर कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. शेवटच्या डब्याच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर उभं राहू देतात. ब्रेकमनशी बोललो, त्याला म्हटलं मीपण हेच काम केलं, त्याने टोपी काढून हात मिळवला. देवमासा एकच दिसला, तोही शेपटी.
हिला संपूर्ण दौऱ्यात एकदाच उलटी झाली. जुनोत, मेंडेनहॉलला जाणाऱ्या बसमध्ये.