अनुभव धागा: नागपूरकरांची क्रूझ, काय खाल्लं, काय पाहिलं

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर, तरी आमच्या कॉलनीतलं कुणी ना कुणी हल्ली दिवाळीत जहाजावर असतं. आता आमचाही बेत चाललाय. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, सासरे पक्के खवय्ये. माहितीपत्रकांत बफेचे फोटो भरपूर, पण सकाळचा चहा कसा मिळतो ते कुठेच नाही. तर जाऊन आलेल्यांनी लिहा: बॅगेतलं काय कामी आलं, डेकवरून काय दिसलं. दर नका सांगू, ते सारखे बदलतात.

धंतोलीची
आम्ही समुद्रावर नाही, नाईलवर गेलो, चालेल ना? लक्सर ते अस्वान. एस्नाला नदीवर बांध आहे. तिथे बोट एका हौदासारख्या जागेत घेतात, दारं लावून पाणी भरतात आणि बोट वर चढते. नंबर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि खरी गंमत तेव्हाच. छोट्या होड्या येऊन बोटीला चिकटतात. होडीतला माणूस टेबलक्लॉथ, गलबिया म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, असं काहीबाही पिशवीत घालून थेट आपल्या डेकवर भिरकावतो! आवडलं तर पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही तर माल परत. भाव सगळा ओरडून. माझी आई इतवारीच्या बाजारात तयार झालेली. तिची घासाघीस बघून शेजारच्या जर्मन आजींनी आपलं वकीलपत्रही तिलाच दिलं.
कोम ओंबोचं देऊळ चुकवू नका. अर्धं मगरीच्या तोंडाच्या सोबेक देवाचं, अर्धं ससाण्याच्या तोंडाच्या होरस देवाचं, आणि बाजूच्या संग्रहालयात मगरींच्या ममी. अबू सिंबेलच्या देवळाला मात्र अस्वानहून पहाटेच्या अंधारात निघावं लागतं. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते अख्खं देऊळ कापून ६५ मीटर वर नेऊन बसवलंय, सांधे शोधूनही सापडत नाहीत. नाश्त्याच्या डब्यात कोरडा पाव होता. आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या गाइडनंही खाल्ल्या.

महालवाला
आमचं म्हणाल तं मुंबई-गोवा. २०१८ मध्ये आंग्रिया सुरू झाली होती ना, तिच्यावर. आता बंद आहे ते जहाज. रात्री सगळे नाचून राह्यले होते, मी अन् माहा साळा रेलिंगले टेकून उभे. खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा दिसला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्यांच्याच नावाच्या जहाजावरून तो पाहाचा, अजून काय पाह्यजे बाप्पा! मंग मासेमारीच्या होड्यांचे दिवे, लांबलांब. जेवण बरं होतं, पण सावजीची सवय लागलेल्या जिभेले ते अळणीच.

बर्डीवरची काकू
चहाचं मी सांगते. विजेची किटली, इस्त्री असलं काही नेऊ नका. आगीच्या भीतीनं ते आत सोडत नाहीत. आमच्या नणंदबाईंची किटली गेटवर काढून घेतली, चिठ्ठी दिली, उतरताना परत. गरम पाण्याचं मशीन बफेजवळ असतं, तिथून थर्मास भरा आणि टी-बॅग टाका. आपला उकळलेला चहा विसरा.
खाऊ सीलबंद पाकिटातलाच घ्या, घरचा डबा बहुतेक जहाजांवर चालत नाही. चिवडा आणि संत्रा बर्फी आरामात जाते. संत्री मात्र घरीच ठेवा. बऱ्याच देशांत फळं बंदरावर उतरवू देत नाहीत. कांदा-लसणाशिवाय हवं असेल तर बुकिंग करतानाच जैन जेवण लिहून घ्या, आयत्या वेळी सांगून सॅलडच मिळतं.

प्रतापनगरचे आजोबा
मुलगा सिएटलला असतो, तिथून आम्ही अलास्का केलं. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात तिथले रेंजर जहाजावर चढतात आणि माईकवरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज जवळपास थांबतंच. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट नंतर कानावर येतो. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवा.
एक महत्त्वाचं. परतीला जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, कारण १८८६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अशा फेरीत मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं. तुम्ही खाली उतरा न उतरा, आपल्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला टूरवाल्यानं हे सांगितलंच नव्हतं, बंदरावरून परत फिरावं लागलं त्यांना.

सदर
उलटीचं कुणीच लिहिलं नाही! केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे डोलणं कमी. खिशात आलेपाक. गोळी घेणार असाल तर हलायला लागण्याआधी. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊच नका.
लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटीनं नेतात. गुडघे दुखणाऱ्यांना त्या बोटीत पाय टाकणं जड जातं, सासूबाईंना विचारून घ्या. वारा वाढला तर उतरणंच रद्द. आम्ही डेकवरूनच निळं पाणी बघितलं. आमच्या हिनं तेवढ्यात तीन वेळा नाश्ता केला.

महालवाला
सदरभाऊ, सुरुवातीले सात छोटे भोंगे अन् एक लांब वाजला की घाबरू नका म्हणा सगळ्यांले. आणीबाणीचा इशारा आहे तो, अन् त्याचीच लाइफ जॅकेटची तालीम असते ते, सगळ्यांले करा लागते.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार! सासूबाईंचे गुडघे दुखतातच, तेव्हा लक्षद्वीप बाद. मुंबईहून निघायचं ठरलं तर दुरांतोनं सकाळी उतरून त्याच दिवशी जहाज धरता येईल का?

बर्डीवरची काकू
सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीनं जवळच आहे, पण गाडीचा भरवसा नाही. जहाज सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. आदल्या दिवशीच जा, दादरला कुणाकडे तरी मुक्काम करा. बर्फीचा एक डबा त्यांच्यासाठी वेगळा घ्या.