कुंपणावरचं झाड काढायचंय, परवानगीबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आमच्या अंगणातलं जुनं झाड घराकडे कललंय. बुंध्याशी अळंबी उगवली आहे, एका बाजूची मातीही उचलली गेली आहे. आतून कुजलं असावं अशी भीती वाटते. तोडायचं जिवावर येतंय, पण खाली मुलं खेळतात.

स्वतःच्या जागेतल्या झाडालाही परवानगी लागू शकते, हे माहीत आहे. बऱ्याच ठिकाणी बुंधा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३ ते १.४ मीटरवर मोजतात आणि ठरावीक मापापुढे अर्ज करावा लागतो. ते माप मी घेतलंय.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. झाड नेमकं कुंपणाच्या रेषेवर आहे, तर शेजाऱ्यांची लेखी संमती अर्जासोबतच जोडायची का? झाड धोकादायक आहे हे दाखवायला फोटो पुरतात, की वृक्षतज्ज्ञाचा अहवाल लागतोच? वर एक घरटंही आहे. पिल्लं उडेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, पण तोवर भार कमी करायला दुसऱ्या बाजूच्या फांद्या छाटल्या तर त्यालाही परवानगी लागेल का?

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, पहिली चौकशी कुठल्या खात्यात केलीत आणि उत्तर लेखी घेतलंत का?