घोषणांपेक्षा टेप कामाला आला
नुसत्या प्रभातफेऱ्या काढून शाळेजवळच्या तंबाखूच्या टपऱ्या हटत नाहीत, असं म्हणतात, ते मला पटतं. आमच्या गावात नववीच्या पोरांनी घोषणा सोडल्या आणि मोजायचा टेप हातात घेतला. कोटपा या तंबाखू नियंत्रण कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकायला बंदी आहे. फाटकापासून टपरी भरली ३४ मीटर. तो आकडा घेऊन पोरं ग्रामसभेत उभी राहिली, तेव्हा कुठे पुड्यांच्या माळा उतरल्या.

पण खरी अडचण घरातली. आजोबांची तंबाखू आणायला नातवालाच पिटाळतात! १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती पुडी देणं हाही गुन्हाच; बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांनी हे कलम दुसऱ्या टपरीवाल्याला वाचून दाखवलं. आता तो सांगतो, "आजोबांनाच पाठव."